वळण

मे महिना लागला की शाळेकडून यादी येते.
हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत, किल्ल्या कापायच्या यंत्राशेजारी
मी पितळी पट्ट्यांवर नावं कोरते.
एकतीस वर्षं झाली.
या गावच्या खाणीतून लोखंड निघतं, बक्षिसं मात्र पितळेचीच.
माणसं मी रुंदीनं ओळखते:
‘ली’ पट्टीवर पोरका दिसतो,
‘राउतिआइनेन’ मावत नाही.

यंदा अभ्यासाची ढाल
राउतिआइनेनांच्या क्युल्लिक्कीला.
हायवेवरच्या पंपावर रात्रपाळी करायची ती,
गल्ल्याखाली रसायनशास्त्र उघडं.
ट्रकवाला सुटे मोजेपर्यंत
हिचं एक समीकरण सुटलेलं असायचं.
मी आडनाव दोन ओळींत मोडलं.
तिची आई म्हणाली, मोडू नकोस, बारीक कर.
बारीक केलं.

खेळाचा करंडक टायरेल ग्रोवला.
बर्फावर तो धावत नाही, सांडतो.
त्याबद्दल गावात दुमत नाही,
आणि दुमत नाही तिथं
कोरण्यासारखंही फार उरत नाही.

तिसरी पट्टी.
यादीत एवढंच: ‘चारित्र्यासाठी’.
आणि पुढं नाव, एमिल ग्रेगोरिक.
गोलरक्षक.

फेब्रुवारीतली ती रात्र इथं कुणी उच्चारत नाही.
उपांत्य सामना, बरोबरी, चाळीस सेकंद उरलेली.
चकती त्याच्या पायाखाली दबलेली,
पंचानं हात आडवे केले, गोल नाही.
आमचं अख्खं गाव उभं राहून ओरडत होतं
तेव्हा या पोरानं मुखवटा वर केला
आणि सांगितलं,
रेषेच्या आत गेली होती.

परतीची बस तीन तास. कुणी बोललं नाही म्हणे.
बेकरीत त्याच्या आईचे उरलेले पैसे
हातात न देता काउंटरवर ठेवले गेले.
मीही,
मीही त्या आठवड्यात त्याला येताना पाहिलं
आणि टपालपेटीशी उगाच थांबले,
हातात पत्र नसताना.

मागच्या मंगळवारी तो दुकानात आला.
टोपी हातात.
आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर एक खूण असते, म्हणाला,
लांबून दिसणाऱ्या पक्ष्याएवढी.
तिच्याविना आम्ही ग्रेगोरिक होतो.
आम्ही ग्रेगोरिच आहोत.

यंत्रात ती खूण नाही.
खाणीच्या हजेरीपटावर नव्हती,
शाळेच्या फलकावर तीन पिढ्या नव्हती.
हातानं करावी लागेल, मी म्हटलं,
वेळ लागेल.
तो म्हणाला, बरं.
आणि दाराशी उभाच राहिला, जणू मी आत्ताच करणार होते.
मग आत्ताच केली.

अक्षराला वळण लावणं मला येतं.
माणसाला कोण लावतं,
कुठल्या थंड सकाळी, कुणाच्या न कळत,
ते एकतीस वर्षांत एकाही पट्टीवर
मला मावेल असं सापडलं नाही.

समारंभ व्यायामशाळेत झाला, घडीच्या खुर्च्यांवर.
क्युल्लिक्कीला टाळ्या, टायरेलला शिट्ट्या.
एमिलचं नाव पुकारलं
(मुख्याध्यापिका ‘ग्रेगोरिक’च म्हणाल्या)
तेव्हा टाळ्या आल्या छपरावरून सुटणाऱ्या बर्फासारख्या:
आधी एक ढेकूळ,
थांबून दुसरं,
मग बराच वेळ काही नाही.
टायरेल टाळ्या वाजवत नव्हता.
तो उभा होता, हात खिशात,
आणि बाकीचे बसल्यावरही बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच
लुडविक ग्रेगोरिच पायरीवर.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पेला,
स्कीउडी, पहिला क्रमांक, एकोणीसशे अठ्ठावन्न.
जस्ताळ, काळा पडलेला, कानाशी पोचा.
यावरही लाव ती.

हा धातू मऊ आहे आजोबा, मी म्हटलं,
टोच आरपार जाईल.

त्यानं पेला माझ्या हातात दिला, काउंटरवर नाही.
हळू लाव.