इतिवृत्त

सुनावणी साडेअकराची, सुरू झाली सव्वाबाराला.
परळचं वॉर्ड ऑफिस, दुसरा मजला,
खिडक्या बंद, कारण खाली रस्ता खणलेला.
विषय: बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानास
मनाई करावी की कसे.
मी कोपऱ्यात. लघुलेखक.
तीन पेन्सिली तासून.

आधी वकील, हॉटेलवाल्यांच्या संघटनेतर्फे.
म्हणाले, गिऱ्हाईक म्हणजे राजा,
त्याला उंबऱ्याबाहेर काढाल
तर तो शेजारच्या गल्लीत दरबार भरवील.
(हशा.)
हशा लिहितात इतिवृत्तात. कंसात.

मग इस्पितळातले डॉक्टर.
फुप्फुसाचं मोठं चित्र आणलं होतं त्यांनी,
पण फळ्यात टाचणी शिरेना,
शेवटी शिपाईच ते धरून उभा राहिला पाऊण तास,
छातीसमोर,
जणू त्याचंच.

कामाठीपुऱ्याच्या नरसव्वा येमूल
पदर खोचून उठल्या.
"मी ओढत नाही साहेब, वळते.
करा बंद. पण आधी सांगा,
ही बोटं दुसरं काय करतील?"
अध्यक्ष म्हणाले, हे विषयाबाहेर जातंय.
विषयाबाहेरचं लिहायचं नसतं.
त्या खाली बसल्या, तरी अंगठा आणि तर्जनी चालूच होती:
हवेचं पान, हवेचा दोरा.

एक निवृत्त प्राध्यापक स्वातंत्र्यावर बोलले.
धूर माझा, छाती माझी, सरकार मध्ये कोण?
मागून एक बाई ओरडली,
"आणि हवा काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे?"
(गोंधळ.)
हाही कंसात.

शेवटून दुसरा, अंकुश पेडामकर, वय एकावन्न,
लालबागच्या परमिट रूममध्ये सव्वीस वर्षं वेटर.
"मालकांनी एसी बसवला त्या साली खिडक्या बुजवल्या.
तेव्हापासून रात्री शर्ट भिजवला
की बादलीत चहा होतो."
तुम्ही स्वतः दिवसाला किती ओढता?
"एकही नाही. मी फक्त ॲशट्रे रिकामे करतो."
पुढचं वाक्य घशापर्यंत आलं
आणि तिथेच अडून बसलं.
मी सवयीने घड्याळ पाहिलं.
एक मिनिट चाळीस सेकंद खोकत होता माणूस.
वकिलांनीच पाण्याचा ग्लास सरकवला.
माझी पेन्सिल कागदावर टेकलेली.
हशाला खूण आहे लघुलिपीत, टाळ्यांना आहे,
सभात्यागालासुद्धा आहे.
शोधली. खोकल्याला नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे जिन्यात.
वकील, प्राध्यापक, डॉक्टरांचा मदतनीस, मी.
काडी कुणाकडेच नव्हती.
म्हणजे पेडामकरकडे होती.
ओठाला सिगारेट लागली रे लागली
की त्याचा हात खिशात जातो, सव्वीस वर्षं.
जिन्यात वारा नव्हताच,
तरी दोन्ही तळव्यांचा आडोसा करून त्याने माझी पेटवली
आणि तोंड फिरवलं भिंतीकडे,
जिथे कुणी थुंकू नये म्हणून
देवांच्या टाइल्स बसवल्यात,
साईबाबा, क्रूस, मक्का, गुरू नानक, पुन्हा साईबाबा.
मी थँक्यू म्हटलं.
"राहू दे साहेब," म्हणाला,
आणि विझलेली काडी पेटीतच परत ठेवली.

संध्याकाळी टंकलं:
हॉटेल कामगारांतर्फे एक निवेदन. नोंद घेतली.
त्याखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या.
माझ्या हिशेबाने एक मिनिट चाळीस सेकंद
तेवढ्यात बसतात.

सकाळी साहेबांनी तिथे तांबडं वर्तुळ काढलेलं.
"इथे काय राहिलंय?"
टंकनदोष, म्हटलं,
आणि खालचा मजकूर
वर ओढून घेतला.