सातव्या बोअरचा निकाल

एकशे बारा मीटरवर गुलाबी ग्रॅनाइट संपला
आणि नळीतून आलं ते हिरवट काळं, मऊ,
नखानं ओरखडा उठेल असं.
रेजाँनं ड्रिल थांबवलं नाही,
इंजिनाच्या आवाजावरून फक्त एक शीळ घातली.
बाहेर उणे अडतीस. आमच्या तंबूखाली
दीड मीटर बर्फ, त्याखाली तळं,
त्याखाली हे.

पेटीत मांडताना मी प्रत्येक तुकड्यावर बाण काढते,
खाली कुठे ते विसरू नये म्हणून.
भिंगाखाली मोहरीएवढे जांभळे गार्नेट,
एक पाचूसारखा हिरवा कण.
साक्षीदार सगळे हजर.
आरोपीचा पत्ता नाही.

अडतीस किलो सास्काटूनला गेले,
विमानात माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून.
सहा आठवड्यांनी कागद आला: त्रेचाळीस हिरे.
त्रेचाळीस!
डोरीननं पिठाचे हात तसेच वर केले.
सगळे मिळून एका चिमटीत मावतील,
चिमूट उघडली तर श्वासानं उडतील,
हे मी सांगितलं. पण तोवर ती
मुलीच्या कॉलेजची फी भरून मोकळी झाली होती.

व्हँकूव्हरहून फोन:
निवेदनात "अत्यंत उत्साहवर्धक" लिहू का?
मी म्हटलं, उत्साहवर्धक लिहा. अत्यंत नको.
त्यांनी लिहिलं.
सकाळी नऊ सेंटांचा शेअर दुपारी तेवीस.
एका विशेषणाचे चौदा सेंट.
डोरीनला मिळाले ते बावीसला.

शितावरून भाताची परीक्षा, हे खरं,
पण भाताचं पातेलं आपण चुलीवर ठेवलेलं असतं.
इथे पातेलं केवढं, त्याला बूड कुठे,
कोण जाणे.

रात्री आलेखाच्या कागदावर ठिपके मांडते.
बारीक पुष्कळ, जरा मोठे थोडे,
त्याहून मोठा एकच, चाळणीत अडकलेला.
ठिपक्यांतून रेघ जाते.
शेवटच्या ठिपक्यापाशी पट्टी हलवत नाही मी,
पुढे तुटक रेघ ओढते, पेन्सिलीनं, हलकी.
तिथे, कागदाच्या काठाशी,
एक कॅरेटचा खडा आहे.
असावा.
असू शकतो.

अल्फॉन्स राबेस्का पेट्या उचलतो. त्याचा हा पाचवा कॅम्प.
मागच्या चारही ठिकाणी काहीतरी सापडलं होतं.
एका ठिकाणी खाण झाली,
त्याच्या भावानं तिथे अकरा वर्षं ट्रक चालवला,
आता त्या खड्ड्यात पाणी सोडताहेत.
तुला काय वाटतं, मी विचारलं.
त्यानं तळ्यापलीकडे पाहिलं.
"चार वर्षं कॅरिबू इकडून गेले नाहीत.
यंदा जातील म्हणतो माझा काका.
वाट आहे ना, म्हणतो."
वाट आहे. खुरांनी खडकात घासून काढलेली,
आत्ता बर्फाखाली.

आठवा बोअर पन्नास मीटर पूर्वेला.
एकशे बारा. ग्रॅनाइट.
एकशे चाळीस. ग्रॅनाइट.
रेजाँ कॉफी पितो, नळीकडे बघत नाही.
एकशे नव्वदला मी बाण काढते
आणि पेटीचं झाकण लावते.
तुटक रेघ कागदावर तशीच आहे.

जेवणाच्या तंबूत डोरीन विचारते, आज काय निघालं?
दगड, मी म्हणते.
ती हळूच हसते, माझ्या ताटात एक तुकडा जास्तीचा वाढते.
तिला वाटतं, मी लपवतेय.