वाकडी रेघ

नागदेवीत, दुसऱ्या मजल्यावर,
अण्णा साबराच्या कातड्यातून पारा गाळायचे.
खाली घमेलं, घमेल्यात पाणी,
थेंब फरशीच्या फटीत जाऊ नये म्हणून.
आई डबा उंबऱ्यावरच ठेवायची.
एकदाच आत आली, अंगठी न काढता.
सोनं पांढरं पडलं ते पडलंच.
‘खातो तो सोनं,’ अण्णा म्हणाले,
शेजारच्या पोराची खोडी सांगावी तसं.

नळी भरली की अलगद तिरपी करायची
आणि कान द्यायचा.
टक्. असा कोरडा आवाज आला
तर वर खरोखर काही नाही, हवासुद्धा नाही.
मऊ आला तर बुडबुडा आहे कुठेतरी.
पुन्हा विस्तव, पुन्हा पहिल्यापासून.
माझं शिक्षण एवढंच झालं:
काही नसल्याचा आवाज ओळखणं.

माझगावच्या दाऊद परकारांनी आणला तो
आजोबांच्या पेढीवरचा, सागवानी, तीन फुटी.
पट्टीवर विलायती अक्षरं:
स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर.
‘भायखळ्यात कंबरभर पाणी होतं
तेव्हाही हा चेंजच म्हणत होता, विश्रामभाऊ.
तीन पिढ्यांत एकदाही रेन म्हणाला नाही.’
अण्णांनी काच पुसली.
‘तो खोटं बोलत नाही.
शब्द दुसऱ्या गावचे आहेत.’

नवी पट्टी पितळेची. शब्द नाहीत, नुसते आकडे,
इंचाचे वीस भाग.
अठ्ठावीसपासून रेघा नीट उतरल्या.
एकोणतीसच्या पुढे अण्णांचा हात हलू लागला.
लोक रागावलेल्या माणसाला म्हणतात, पारा चढलाय.
अण्णा कधी रागावले नाहीत.
चाळीस वर्षं तो नुसता चढत होता, बोटांतून आत.

कोरणी माझ्याकडे दिली
आणि खिडकीतून समोरच्या दुकानातले
नट-बोल्ट मोजत बसले.

एकोणतीस पूर्णांक सातची रेघ
केसभर वाकडी आहे.
ती त्यांची की माझी, हे मी
कुणालाच सांगितलेलं नाही.

मुंबईचा पारा फार हलत नाही.
सकाळी दहाला जरा वर, दुपारी चारला जरा खाली,
अण्णा गेले त्या दिवशीही तसाच.

परकार अजून फोन करतात, सणावाराला.
आकडा सांगत नाहीत.
म्हणतात, ‘आज वाकड्या रेघेच्या
थोडा वर आहे, बेटा.’