खोड

कुपिश्किसला आमच्या इमारतीत प्लास्टिकच्या खिडक्या बसल्या
त्या वर्षी जुन्या लाकडी खिडक्या
कचऱ्याच्या लोखंडी पेटीला टेकून उभ्या होत्या,
शाळेतून नाव काढलेल्या पोरांसारख्या.
गेनोवाइते आली हातगाडी घेऊन.
सत्तरी उलटलेली, गुडघ्याला लोकरीची पट्टी.
"फुटकी काच नको," म्हणाली, "तडा चालेल."

पाच खेपा तिनं एकटीनं केल्या.
सहाव्या खेपेला मी गाडीला हात लावला,
कारण सगळ्यात वर आमची खिडकी होती.

रुळांच्या पलीकडे तिचा जमिनीचा तुकडा:
एक वाकडं सफरचंद, रास्पबेरीची काटेरी रांग,
बटाट्याच्या चार सऱ्या, शेपू वाटेल तिथे.
तिथे खिडकीला खिडकी जोडत
तिनं काकड्यांसाठी घर उभं केलं.
भिंत अशी नाहीच, नुसत्या खिडक्या.
दक्षिणेला दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य,
त्याला खेटून तिसऱ्यावरची अपोलोनिया;
बारा वर्षं जिन्यात तोंड फिरवणारे
आता एका खिळ्यावर.
आणि दाराशेजारी आमची, स्वयंपाकघरातली.
चौकटीवर आईनं बॉलपेननं लिहिलेला
बाबांचा आयर्लंडचा नंबर,
शेवटचे दोन आकडे उन्हानं खाल्लेले.

मे संपत आला होता.
रात्री अकराला गेनोवाइतेनं दारोदार घंटी वाजवली.
"पहाटे हिव पडणार. पाणी तापवा."
एवढंच. कृपया नाही, काही नाही.

लोणच्याच्या बरण्यांत उकळतं पाणी,
बरण्यांना जुने स्वेटर, एकीला तर टोपीसुद्धा.
रूळ ओलांडून आम्ही चौदा जण,
कुणी चपलेत, कुणी झोपायच्या कपड्यांवर कोट.
दिवसा ऊन होतं म्हणून खिडक्या सताड उघड्या.
बॅटरी एकच, तीही मिणमिणती.
कुणी कुणाला सांगितलं नाही;
जो तो अंधारात आपल्या खिडकीपाशी गेला.

दंतवैद्याची कडी उलटी फिरते, त्यालाच ठाऊक.
अपोलोनियाच्या खिडकीला खालून गुडघा द्यावा लागतो, तिनं दिला.
आमची जरा उचलायची,
डावीकडे दाबायची, मग सोडायची.
नऊ वर्षांची होते तेव्हापासून मनगटाला पाठ.
गेनोवाइते महिनाभर ती सुतळीनं बांधत होती.
"असं होय," म्हणाली,
आणि सुतळी गुंडाळून खिशात टाकली.

आत बरण्या मांडल्या खोडाखोडाशी.
वाफेनं काचा धुरकटल्या, आणि आमच्या काचेवर
कधीची तरी बोटानं ओढलेली रेघ वर आली,
आडवी, थोडी थरथरलेली, मध्येच थांबलेली.
माझी नव्हती. माझं बोट तेव्हा तिथवर पोचत नव्हतं.
मी आईकडे पाहिलं.
ती वाकून एका बरणीचं झाकण घट्ट करत होती,
आधीच घट्ट असलेलं.

उजाडलं तेव्हा अकरा रोपांचे शेंडे काळे,
बाकीची जगली.
दंतवैद्य उलट्या बादलीवर झोपला होता,
त्याच्या खांद्यावर अपोलोनियाची शाल.
(पुढच्या आठवड्यात पुन्हा भांडले. सायकल कुठे लावायची यावरून.)

जुलैत आमच्या दाराच्या मुठीला पिशवी.
चिठ्ठी नाही. सोळा काकड्या, मातीसकट,
एक तर वळून वळून प्रश्नचिन्ह झालेली.
आईनं उभ्या चिरल्या, वरून मध सोडला,
आमच्याकडे खातात तसा.
देठाकडचा तुकडा कडू निघाला.
तिनं तोही चावून गिळला, बोटं चाटली,
मग जरा वारा यावा म्हणून उठली.

नवी खिडकी एका बोटानं उघडते,
लोण्यात सुरी जावी तशी.
आई अजूनही आधी ती
जरा उचलते.