डोळ्यांदेखत

गंगावेशीत म्हशी रस्त्याकडेला उभ्या,
गिऱ्हाईक ग्लास पुढं करून.
धार थेट ग्लासात, वर फेस,
मधे पाणी मारायला बोटभर फट नाही.
आमच्या आज्यापासून धंदा या एका शब्दावर चाललाय :
डोळ्यांदेखत.

अंबिका हुजरे रोज पहाटे यायची,
वडणग्याहून पूल ओलांडून,
रंकाळ्याला चार फेऱ्या मारून.
टी-शर्टवर मिठाचे नकाशे.
अर्धा लिटर एका दमात,
मग फेसाची मिशी मनगटानं पुसत
"येतो काका".
आमच्याकडच्या पोरी येते म्हणत नाहीत.

एकवीस किलोमीटरला तिनं वर्षात साडेतीन मिनिटं कमी केली,
तेव्हा पापाच्या तिकटीला जेसीबीतून गुलाल पडला.
साडेतीन मिनिटं! नाद खुळा!
बाप शिरोलीच्या फौंड्रीत, आणि पोरगी बघा.
वीस फुटी फ्लेक्सवर ती, भोवती सतरा नेते,
आणि खाली कोपऱ्यात, माझ्या हौसेनं, मी :
दूध सौजन्य, सदबा गवळी.

मंगळवारी पेपरात चौकट आली.
पहिल्या बाटलीत सापडलं.
दुसरी अजून उघडायची आहे.
"साडेतीन मिनिटं," लोक म्हणाले,
तोच आकडा, तीच तोंडं.
फक्त आता मान हलत होती ती आडवी.

वस्ताद म्हणाले, आमच्या वेळी बदाम आणि तूप.
त्यांच्या तालमीतल्या फळीवरचे डबे मी पाहिलेत,
झाकणावर फुगलेल्या दंडाचा गोरा माणूस.
पोवार सर म्हणाले, मला आधीच वाटलं होतं.
सर गुलालात पुढं होते.
आणि एकानं, हसत, ग्लास वर उजेडाला धरून :
"तुझ्या दुधात काय हुतं रं, सदबा?"

सगळे हसले. मीही.
मग एक पोरगं आलं, पेपरचं कार्ड गळ्यात,
बाटली भरून घेऊन गेलं, तपासायला.

तेव्हापासून झोप नाही.

गौरीचं रेडकू दगावलं होतं. पान्हा चोरायची ती.
मेडिकलच्या मागल्या दारानं छोटी बाटली मिळते.
मानेत टोचलं की दोन मिनिटांत सड तट्ट.
अकरा दिवस टोचलं मी. गोठ्यात, अंधारात.
धार मात्र नंतर सगळ्यांसमोर,
फेसासकट.

ते फाल्गुनात. तिची परीक्षा, म्हणजे ती बाटली, चैत्रात.
बोटांवर मोजतो, पुन्हा मोजतो,
वहीत बघतो : हुजरे, अर्धा, हुजरे, अर्धा.
जनावराच्या डॉक्टरला विचारलं, आडून आडून.
म्हणाला, ते वेगळं, हे वेगळं, माणसाला काही होत नाही.
मी म्हटलं, नक्की?
त्यानं चष्म्यावरनं बघितलं,
"कुणासाठी विचारतोयस?"

फ्लेक्स उतरला तो मी दोनशे रुपयांना घेतला.
गोठ्याच्या पत्र्याला भोकं होती.
छापील बाजू आत आलीय.
गौरी रवंथ करते, वर अंबिका पळते,
एक पाय कायम हवेत.

काल ती आली. महिन्यानं.
फेऱ्या मारूनच आली होती; अंगावर मीठ होतं.
पहाटेचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं,
वाट दिल्यासारखं, किंवा नाही.
एकानं मोबाइल वर केला.

मी ग्लास घेतला, गौरीखाली बसलो.
पहिली धार काचेवर वाजली.
बाकीचे सगळे टक लावून बघत होते,
माझ्याकडं, सडाकडं, तिच्याकडं.
ती पाठ करून वाकली
आणि बुटाची नाडी बांधत राहिली,
ग्लास भरेपर्यंत.

मी विचारलं नाही.
तिनंही नाही.
"वहीत मांडा," म्हणाली,
आणि न बघता हात मागं केला.