पंच्याऐंशी

शाळेमागच्या बोअरमध्ये, बारा मीटर खोल,
एकाच तारेवर चोवीस सेन्सर टांगलेत.
बाहेर उणे एक्केचाळीस,
आणि सातवा म्हणतो, पंच्याऐंशी.

आयताल, इथला बॉयलरवाला, पोट धरून हसतो:
"मग मला पगार कशाला देतात?
त्या भोकावरच चहा ठेवू की."

मला हसू येत नाही. दुसऱ्यांदा आलेय याकुत्स्कहून,
पाच तास, लेनाच्या बर्फावरून.
मागच्या खेपेला रेझिस्टर बदलला,
डबी कुशीत धरून आत आणली,
कारण बाहेर डाग बसत नाही,
कथील वितळता वितळता विचार बदलतं.
हजेरी घेतली. चोवीसही हजर,
चौसष्ट बिटांच्या लांबलचक नावांनिशी.
चेकसमही बरोबर.
म्हणजे वाटेत काही सांडलेलं नाही,
तो खरंच तसं म्हणतोय.

आज ड्रायव्हर उघडला.
लिहिणारी कुन्नेय केव्हाच नोवोसिबिर्स्कला गेली.
मागे तीनशे ओळी, आणि एका ओळीवर टीप:
इथे दम धरा.
खाली साडेसातशे मिलिसेकंद खोडून
कोणीतरी सहाशे केलेत.
तारीख माझ्याच पहिल्या खेपेची.
तक्ता लवकर भरावा म्हणून.

यांना वेगळी वीज नाही.
ज्या तारेवर बोलतात तिच्यावरच जेवतात.
ते मोजत असताना मी गप्प राहायचं,
तार वर उचलून धरायची, एवढंच.
तेवीस जणांचं सहाशेत उरकतं. सातवा सावकाश.
त्याचं मोजणं अर्ध्यावर असताना मी तोंड उघडते,
घास तुटतो, तो सगळं विसरतो.
पंच्याऐंशी हे तापमानच नाही.
जाग आल्यावर, काहीही मोजायच्या आधी
त्याच्या तोंडात असतो तो शब्द.

साडेसातशे परत लिहिले.
पाऊण सेकंद. एक शिंक येऊन जाईल एवढा.

सातवा: उणे शून्य पूर्णांक तीन.

कुन्नेयच्या वहीत, याच महिन्यात, याच खोलीवर
उणे एक पूर्णांक नऊ आहे.
साडेतीन मीटर. इथेच गोठलेल्या मातीनं
शाळेचे खांब धरून ठेवलेत.

आयताल खरोखरीचा चहा घेऊन येतो.
"झालं ना नीट?"

झालं, म्हणते.
आणि पुन्हा विचारते सातव्याला,
पुन्हा थांबते पाऊण सेकंद.
वर कुठल्याशा वर्गात
बाकं सरकवतायत.