टाइलच्या वर

डुलुथ, जानेवारी. सरोवर थिजलेलं, शाळेला सुट्टी.
मी शिडीच्या सहाव्या पायरीवर,
पाय तिसरीच्या वर्गात,
डोकं छताच्या आत.

पांढरी टाइल सरकवली की
झाकली मूठ उघडते:
धूळ, उंदराच्या लेंड्या,
पाइपला कुणीतरी चिकटवून ठेवलेलं च्युइंगगम
आणि केबल्स. निळ्या, करड्या,
टाइलांवर लोळणाऱ्या,
जेवून आडव्या झालेल्या पाहुण्यांसारख्या.

टोइव्हो खालून विचारतो, "किती?"
मी चाळीसपर्यंत मोजते, मग नाद सोडते.
"त्यातल्या जिवंत किती?"
ते कसं सांगणार? मेलेली केबलही
तेवढीच निळी असते, तेवढीच जड.

एक जुडगा तर सीलिंगच्याच तारेला बांधलाय,
प्लॅस्टिकच्या पट्टीने, करकचून.
आयत्या बिळावर नागोबा.
तार बिचारी टाइल धरायला आलेली.
पट्टी अर्धा बोट खाली झुकलीय.
खालच्या बाकावरच्या कुणा पोराने
कंटाळून वर बघताना
पाहिलंही असेल.

टोइव्होचं शिक्षण असं:
काँक्रीटला आपलं स्वतःचं भोक, आपली स्वतःची तार,
टोकाला पिवळा रंग, म्हणजे ओळखू येते.
तिला हुक. चार फुटांवर दुसरा,
मग जरा पुढे, मग जरा अलीकडे.
"अगदी सारखं अंतर नको. केबलला ताल सापडतो,
मग ती आपलंच काहीतरी गात बसते."
बांधायला मऊ पट्टी. आवळायची नाही.
बोट आत गेलं पाहिजे,
लहान मुलाच्या स्वेटरच्या गळ्यातून जातं तसं.

मी हसले. म्हटलं, चिमूटभर वीज,
जिभेला लावली तरी फार तर चुणचुणेल.
तिचा एवढा मानपान?

दुपारी तपासनीस आले, ड्वेन सोल्बर्ग.
वही काढली नाही. टॉर्च दातांत धरून चढले,
खूप वेळ वरच राहिले. उतरले तेव्हा
पायरीवरची माझी छोटी पक्कड हातात घेऊन
उघडत होते, मिटत होते.

"बंदराजवळचं गोदाम होतं. मी तेव्हा बंबावर.
धूर गुडघ्यापर्यंत. आधी छत गेलं,
मग त्याच्या वरचं हे सगळं खाली आलं.
मी रांगत होतो. वाटलं,
पाठीवरचा सिलिंडर कुणीतरी धरलाय.
मी त्याला म्हणालो, सोड रे, नेतो तुला, आधी सोड."

पक्कड उघडली. मिटली.

"बराच वेळ समजावत होतो मी.
वायरीला."

मागून कोण येत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. टोइव्होने
चहाचा थर्मास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.
कुठल्या तारा काढायच्या ते बोटाने दाखवलं
आणि बर्फात गेले.

रात्री साडेनऊपर्यंत मेलेल्या केबल्स ओढल्या.
सहा पोती भरली. जिवंत निघाल्या अकरा.
अकरा! त्या उचलून हुकांत ठेवल्या,
प्रत्येक पट्टीत बोट घालून पाहिलं,
दोनदा.

टाइल बसवली. पांढरं.
फळ्यावर तेच: सोमवारी शुद्धलेखन.
हत्यारं मोजताना पक्कड सापडेना.
शिडीखाली पाहिलं, पोत्यांत हात घातला.
टोइव्हो दिवे मालवत होता.
"राहू दे," तो म्हणाला,
"उद्या दुसरी आणू."